ताळा जुळला, बेरीज जुळेना: एका दूध संस्थेतील ३,७०८ रुपयांचा शोध

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यातील एका गावची दूध संस्था. सभासद ३१२, कोड १ ते ३१२ सलग. सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल, आणि दिवाळीच्या तोंडावर दर फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे ठरलेली जादा रक्कम, एकरकमी. ही रक्कम वसुबारसेच्या आत खात्यावर पडलीच पाहिजे, हा गावाचा न लिहिलेला नियम.

दर फरकाची यादी आधी वहीत हाताने झाली. पानाला २५ ओळी, एकूण १३ पाने, शेवटच्या पानावर १२ ओळी. प्रत्येक पानाखाली त्या पानाची बेरीज, शेवटी एकूण १४,२६,८३७ रुपये. संचालक मंडळाचा ठराव याच आकड्याचा झाला.

त्यानंतर यादी संगणकावर चढली. ती कशी चढली हे नीट पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले. पहिल्या दिवशी पान १ ते ६: सेक्रेटरींनी वाचायचे, लेखनिकाने टाइप करायचे. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी तालुक्याच्या बैठकीला गेले, म्हणून पान ७ ते १३ लेखनिकाने एकट्याने वहीत बघून टाइप केली. टाइप होताच यादी बँकशाखेनुसार लावून टाकली, कारण बँकेला फाइल तशी द्यायची होती.

अडचण

संगणकाची एकूण बेरीज आली १४,३०,९४५. वहीपेक्षा ४,१०८ रुपये जास्त. बँकेत फाइल द्यायला दोन दिवस हातात.

सुरुवातीच्या दोन तपासण्या बरोबर झाल्या, आणि त्याचे श्रेय लेखनिकाला. ओळी मोजल्या: ३१२. मग कोडच्या स्तंभाची बेरीज घेतली: ४८,८२८. एक ते ३१२ या सलग संख्यांची बेरीज ३१२ गुणिले ३१३ भागिले २, म्हणजे तेवढीच येते. कोडची बेरीज करण्यात तसा काही अर्थ नाही, पण कुणी सुटले किंवा कुणी दोनदा आले तर ती लगेच बोंब मारते. इथे ती जुळली. म्हणजे माणसे बरोबर होती, रकमांत खोट होती.

समोरचे पर्याय

चार पर्याय बोलले गेले.

पहिला: एकाने वही वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर टिक करायची. सगळ्यात ओळखीचा मार्ग. पण ज्या पद्धतीने चूक झाली, त्याच पद्धतीने ती शोधायची म्हटले की कान पुन्हा तसाच फसतो.

दुसरा: संपूर्ण यादी दुसऱ्या माणसाने पहिली न बघता पुन्हा टाइप करायची आणि दोन स्तंभांची वजाबाकी करायची. खरे तर हा सर्वांत भरवशाचा पर्याय होता. पण टाइप करणारा दुसरा माणूस संस्थेत नव्हता.

तिसरा: फरक अनामत खात्यात टाकून पैसे सोडायचे. ठराव १४,२६,८३७ चा असताना त्याहून जास्त रक्कम वाटली, तर ऑडिटरचा शेरा ठरलेला. शिवाय कुणाच्या तरी खात्यावर जादा गेलेले पैसे पुढच्या बिलातून कापायचे म्हणजे डेअरीच्या दारात भांडण.

चौथा पर्याय संचालकांपैकी एका निवृत्त गणित शिक्षकांनी सुचवला: प्रत्येक रकमेचा नवाचा ताळा वहीतून काढायचा, पडद्यावरून काढायचा आणि दोन्ही ताडायचे. हाच निवडला गेला. निवड चुकीची नव्हती. पण या ताळ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तेव्हा कुणी विचारले नाही.

काय केले: पहिला टप्पा

नवाचा ताळा म्हणजे संख्येला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी, भागाकार न करता. अंकांची बेरीज घ्यायची, ती एक अंक होईपर्यंत पुन्हा बेरीज. सरावलेला माणूस त्यातही नऊ टाकत जातो: ६,२७४ मध्ये दोन-सात नऊ, टाकले, सहा-चार दहा, म्हणजे एक. ताळा १.

हे चालते कारण १०, १००, १००० यांतली प्रत्येक संख्या नवाच्या पटीपेक्षा एकाने मोठी आहे. ६,२७४ म्हणजे सहा वेळा ९९९, दोन वेळा ९९, सात वेळा ९, आणि वर ६+२+७+४. नऊवाले सगळे निःशेष निघून जातात, उरते ती अंकांची बेरीज. शाळेतल्या ‘अंकांची बेरीज ९ ने भागली जाते का’ या कसोटीचे मूळ हेच.

शिक्षकांनी सुरुवातीला फरकाचाच ताळा घेतला. ४+१+०+८ म्हणजे १३, म्हणजे ४. फरकाला ९ ने भाग जात नाही, बाकी ४ उरते. माणसे पूर्ण आहेत हे आधीच कळले होते, तेव्हा ताळ्याला दिसणारी चूक एकाच अंकाची धरली तर अर्थ दोनच: कुठला तरी एक अंक चाराने वाढलाय किंवा पाचाने घटलाय. वही देवनागरी अंकांत, कळफलक इंग्रजी अंकांचा. हाताने लिहिलेला मराठी ४ आणि छापील इंग्रजी आठ यांचे साम्य मराठी वह्या हाताळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वाचताना ४ चा ८ झाला की त्या अंकात बरोबर चाराची वाढ होते.

दोघे जण बसले, ३१२ रकमांचे ताळे ताडले. दीड तास गेला. नवव्या पानावर सापडले: वहीत २,४३७ (ताळा ७), पडद्यावर २,८३७ (ताळा २). दुरुस्ती केली, ४०० कमी झाले. संगणकाची बेरीज आता १४,३०,५४५. उरलेल्या सगळ्या रकमांचे ताळे जुळलेले.

आणि फरक अजून ३,७०८.

निर्णयाची जागा: वही की संगणक?

या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची वेळ हीच. ३१२ च्या ३१२ ताळे जुळले होते. एकूण बेरजांचे ताळेही जुळले: १४,२६,८३७ चा ४ आणि १४,३०,५४५ चाही ४. सेक्रेटरी म्हणाले, “सर, ताळा तर सगळा जुळतोय की.” चेअरमनांचा निष्कर्ष तयार होता: “कॉम्प्युटर कशाला चुकंल? वहीची बेरीजच चुकलीया. तिथं दुरुस्त करा न् सोडा.”

तसे केले असते तर ठरावाचा आकडा बदलावा लागला असता आणि चुकीच्या रकमा कायमच्या पक्क्या झाल्या असत्या. त्या संध्याकाळी वहीच्या तेराही पानांच्या बेरजा कॅल्क्युलेटरवर दोनदा घेतल्या. वही बरोबर निघाली. संध्याकाळ गेली, पण ती वाया गेली असे म्हणता येत नाही, कारण वहीचा आकडा पक्का धरल्याशिवाय पुढचा तर्क चालला नसता.

मग शिक्षकांनी फरकाकडे पुन्हा पाहिले. “आबा, हे बघा. तीन, सात, शून्य, आठ. अठरा. नवानं पुरा भाग जातोय.”

इथे सगळ्यांची दिशा बदलली. नवाचा ताळा अंकांची बेरीज बघतो, जागा बघत नाही. त्यामुळे दोन प्रकारच्या चुका त्याला दिसूच शकत नाहीत. एक, अंकांची अदलाबदल: दशकात क आणि एककात ख असेल तर संख्या १०क + ख, उलट झाली तर १०ख + क, आणि त्यांतला फरक ९ गुणिले (क वजा ख). दोन, शेवटी जादा शून्य: संख्या दहापट झाली की फरक मूळ संख्येच्या नऊपट. दोन्हींत अंकांची बेरीज तीच राहते, ताळा तोच येतो. आणि नेमके म्हणूनच, ताळे जुळूनही बेरीज जुळत नसेल आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर या दोन चुकांचा संशय पहिला घ्यायचा. ज्या आंधळेपणाने दीड तास फसवले, तोच आता बोट दाखवत होता.

एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. कुठलीही आडवीतिडवी संख्या घेतली तरी नवात एकदा तिला ९ ने भाग जातोच. एकट्या भागाकारावर निकाल देता येत नाही. इथे त्याला जोर होता तो ३१२ जुळलेल्या ताळ्यांचा.

काय केले: दुसरा टप्पा, आणि एक चकवा

३,७०८ भागिले ९ म्हणजे ४१२. आता हा भागाकार वाचायचा.

शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल असेल तर भागाकार एकाच अंकाचा असतो, फार तर पुढे शून्ये: ३, ५०, ७०० असा. तो अंक म्हणजे अदलाबदल झालेल्या अंकांतला फरक, आणि शून्ये जागा सांगतात. शून्य नसेल तर दशक-एकक, एक शून्य असेल तर शतक-दशक. ४१२ तसा नाही. मध्ये एक अंक सोडून अदलाबदल झाली असती, जसे ७,२४१ चे ४,२७१, तर फरकाला ९९ ने भाग गेला असता, म्हणजे ४१२ ला ११ ने. २ - १ + ४ म्हणजे ५, जात नाही. राहिले जादा शून्य: ४१२ चे ४,१२० झाले असेल.

यादीत ४,१२० शोधले. एकच सापडले, कोड १८३. सगळे खूश. वही उघडली तर वहीतही ४,१२० च.

इथून पुढे अर्धा तास लोक कोड १८३ च्या मागे लागले. वर्षभराचे लिटर काढले, दर लावून बघितला. ती रक्कम बरोबर होती. चूक तर्कात होती: एकच चूक आहे हे गृहीत धरले होते. ४१२ कुठल्याही एका चुकीत बसत नाही याचा सरळ अर्थ चुका निदान दोन आहेत. दोन चुकांचे फरक एकत्र मिसळले की भागाकार निरर्थक होतो, पण ९ ने भाग जाणे कायम राहते, कारण नवाच्या दोन पटींची बेरीज-वजाबाकी नवाचीच पट असते. मिसळलेले वेगळे करायचे तर यादीचे तुकडे पाडायला हवेत.

लेखनिकाने बँकशाखेचा क्रम मोडून यादी पुन्हा कोडनुसार लावली आणि दर २५ ओळींची बेरीज घेतली. तेरा बेरजा, वहीतल्या पानांच्या तेरा बेरजांशेजारी. पाव तासही लागला नाही. अकरा पाने पैशासकट जुळली. चौथ्या पानावर संगणक २७ ने कमी, अकराव्या पानावर ३,७३५ ने जास्त. ३,७३५ वजा २७ म्हणजे ३,७०८.

अकरावे पान आधी घेतले. ३,७३५ भागिले ९ म्हणजे ४१५. पडद्यावर त्या २५ ओळींत ४,१५० होते, वहीत ४१५. नजर टाकताच मिळाले. पैशाच्या रकान्यात ‘००’ ऐवजी एकच ‘०’ काढलेले आणि तेही रुपयांच्या आकड्याला चिकटून. बघून टाइप करणाऱ्याने ते ओढून घेतले. या सभासदाला ३,७३५ रुपये जादा गेले असते.

चौथ्या पानावर २७ भागिले ९ म्हणजे ३. एकच अंक, शून्य नाही. म्हणजे दशक आणि एकक उलटले आहेत आणि त्यांच्यात तीनचा फरक आहे. संगणकाची रक्कम कमी, म्हणजे पडद्यावर लहान अंक दशकात आलाय: एकक दशकापेक्षा तीनने मोठा. पंचवीस ओळींत अशा दोनच रकमा होत्या, ३,८१४ आणि ६,२४७. पहिली वहीत तशीच. दुसरी वहीत ६,२७४.

हे पान वाचून टाइप केलेले. सेक्रेटरींनी वाचले ‘सहा हजार दोनशे चौऱ्याहत्तर’. मराठीत चौऱ्याहत्तर म्हणताना चार आधी ऐकू येतो, सात मागून. बोटांनी कानाचे ऐकले: चार, मग सात. एकवीसपासून पुढे बहुतेक सगळे आकडे आपण असेच उलटे बोलतो, आणि २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तर चार’ धर्तीचे वाचन आले तेव्हा त्यावरून केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. वादात कुणाचीही बाजू घ्या, पण वाचून टाइप करण्याच्या कामात दशक-एकक उलटण्याचा धोका मराठी बोलणाऱ्याला जास्त, हे दूध संस्थेच्या टेबलावर दिसते. इंग्रजीतून वाचणाऱ्याला तोच त्रास तेरा ते एकोणीसपुरता.

निष्पत्ती

दोन्ही दुरुस्त्यांनंतर संगणकाची बेरीज १४,२६,८३७. फाइल ठरल्या दिवशी दुपारच्या आत बँकेत गेली. तीनही चुका मिळून एकूण साडेचार तास गेले, त्यातले तीन तासांहून जास्त पहिल्या ताळ्यात, वहीच्या फेरबेरजेत आणि कोड १८३ च्या मागे. उरलेल्या दोन चुका सापडल्या त्या शेवटच्या अर्ध्या तासात.

कानाने झालेली चूक एक, पहिल्या दिवसाची. डोळ्याने झालेल्या दोन, दुसऱ्या दिवसाच्या. कानाला ४ चा ८ होत नाही, आणि डोळ्याला चौऱ्याहत्तरचे सत्तेचाळीस सहसा होत नाही.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी पानवार बेरजा. यादी बँकेनुसार लावण्याची घाई केली नसती, तर टाइप होताच तेरा बेरजा ताडता आल्या असत्या आणि पान ४, ९, ११ पहिल्या पंधरा मिनिटांत उघडे पडले असते. मग प्रत्येक पानाचा फरक वेगवेगळा वाचायचा: -२७, ४००, ३,७३५. पहिल्या आणि तिसऱ्याला ९ ने भाग जातो, मधल्याला जात नाही, बाकी ४. चुकीची जात जागच्या जागी कळते. कसोटी लावायची ती तुकड्यावर, एकूण फरकावर नाही. हा क्रम उलटा झाला, एवढीच या प्रकरणातली खरी चूक.

दुसरे, अकराचा ताळा. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवायचे-वजा करायचे, उत्तर उणे आले तर ११ मिळवायचे. ६,२७४: ४-७+२-६ म्हणजे उणे ७, म्हणजे ४. ६,२४७: ७-४+२-६ म्हणजे उणे १, म्हणजे १०. फरक लगेच दिसतो. ४१५ चा ८, ४,१५० चा ३. २,४३७ चा ६, २,८३७ चा १०. तीनही चुका एकाच फेरीत पकडल्या गेल्या असत्या, कारण इथे शेजारच्या अंकांची चिन्हे उलट असतात आणि जागा बदलली की उत्तर बदलते. एवढेच कशाला, १४,२६,८३७ चा अकराचा ताळा ५ आणि १४,३०,५४५ चा ६. ‘वही दुरुस्त करा’ म्हणण्याआधी एवढे पाहिले असते तरी रकमांत अजून काही लपले आहे हे कळले असते.

पण अकराही सर्वज्ञ नाही. ७,२४१ आणि ४,२७१ यांत फरक २,९७०, त्याला ११ ने पुरा भाग जातो आणि ९ नेही. दोन शून्ये जादा पडली तर फरक मूळच्या ९९ पट, तोही दोघांच्या नजरेतून सुटतो. शिवाय हाताने करायचा तर अकराचा ताळा हळू आहे आणि उणे चिन्हात माणूस चुकतो. ३१२ रकमांना तो लावणे जमले असते की नाही याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पंचवीस ओळींच्या पानाला मात्र सहज.

शिक्षकांनी पुढे एक सूचना मांडली: सभासद कोडला अकरावर बेतलेला एक तपासणी अंक जोडायचा. कोड २७४ असेल तर उजवीकडून २, ३, ४ असे भार: ४×२ + ७×३ + २×४ म्हणजे ३७. पुढची अकराची पट ४४, तिला ७ कमी. कोड झाला २७४-७. चुकून २४७-७ पडला तर ७×२ + ४×३ + २×४ + ७ म्हणजे ४१, अकराने भाग जात नाही, संगणक लगेच अडवतो. भार वेगवेगळे आणि ११ मूळ संख्या, म्हणून कुठल्याही दोन अंकांची अदलाबदल सापडते, मधला अंक सोडून केलेलीसुद्धा. ज्या कोडला तपासणी अंक १० येईल तो कोड वगळायचा. पुस्तकांवरच्या जुन्या दहा अंकी आयएसबीएन क्रमांकात अशा वेळी शेवटी रोमन दहा, म्हणजे इंग्रजी ‘एक्स’ अक्षर, छापत.

सूचना मंजूर झाली नाही. ३१२ पासबुके बदलायची, संकलनाच्या मशीनमध्ये कोड नव्याने भरायचे आणि लोकांच्या तोंडी बसलेले आकडे मोडायचे, हे मंडळाला परवडणारे वाटले नाही, आणि तीनशे सभासदांच्या संस्थेसाठी ते चूक म्हणता येणार नाही. झाले ते एवढे: वहीतला पैशाचा रकाना दर फरकाच्या यादीतून काढला. यादी कोडनुसारच टाइप करायची आणि दर २५ ओळींना बेरजेची ओळ ठेवायची. बँकेसाठी वेगळी प्रत. आणि रक्कम वाचताना अंक सुटे वाचायचे, सहा-दोन-सात-चार. सेक्रेटरी अजूनही आधी “चौऱ्याहत्तर” म्हणून जातात. लेखनिक बोटे उचलून थांबतो, आणि मग मागून येते, “सात-चार.”